डाव्या बाजूचं माप

४ फेब्रुवारी

मामा आणि मामी,

दोघांनाही नमस्कार. पत्र मामाला आहे, पण वाचणार मामीच, तेव्हा मामी, मोठ्यानं वाच आणि मधलं गाळू नको.

पोचलो, जेवलो, कामाला लागलो. मामा, तुझ्या शब्दावर उस्तादांनी मला ठेवून घेतलं, पण कुठे ठेवलंय ते सांगतो. खड्ड्यात. दुकानात जमिनीत एक लांब खड्डा आहे. वर ट्रक उभा करतात आणि खाली मी. दिवसभर आभाळ म्हणून काही दिसत नाही, नुसते अ‍ॅक्सल दिसतात, चाकं जोडणारे आडवे कणे.

काम काय, तर अलाइनमेंट, म्हणजे मोठ्या ट्रकांची चाकं एका रेषेत आणायची. मला वाटलं होतं की कारखान्यातून ट्रक बाहेर पडला की तो सरळच असणार. तसं नसतं. एका ट्रकला दहा चाकं असली तर दहा जणांच्या कुटुंबासारखं असतं, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. मग गाडी एका बाजूला ओढते, टायर घासले जातात, डिझेल जास्त लागतं आणि चालक येऊन आमच्या नावानं ओरडतो. भिंतीवर लाल उजेडाचा ठिपका पाडून उस्ताद मोजतात आणि म्हणतात, "केसभर आत घे." मी केसभर आत घेतो. ते म्हणतात, "हा केस नाही, ही शेपटी झाली."

खरं सांगू का? केसाकेसानं दिवस घालवणं मला जमणार नाही. मला पळती गाडी आवडते, इथे सगळ्या उभ्या. बंदरावर एक जण क्रेनवर बोलावतोय. महिनाअखेर बघतो.

तुमचा,
भिंगरी

*

१५ फेब्रुवारी

भिंगरीस,

(बोलतायत हे, लिहितेय मी. कंसात असेल ते माझं. ते ह्यांना वाचून दाखवत नाही.)

क्रेनचं नाव काढू नको. बेकरीत तुला शिंका आल्या, छापखान्यात आवाज सहन झाला नाही, रंगाच्या कामावर तर तू शिडीसकट पळून आलास. शिडी मला परत नेऊन द्यावी लागली. उस्तादांना मी सांगितलंय की पोरगा टिकेल. माझा शब्द खाली पाडू नको.

आता दुसरं. माझा एक मित्र आहे. (कसला मित्र. हे स्वतःच.) त्याचा सहा चाकी ट्रक आहे, जुना पण दणकट. तो अलीकडे थोडासा डावीकडे ओढतो. (थोडासा नाही आणि अलीकडे तर अजिबात नाही.) मित्र फार कसलेला चालक आहे, म्हणून स्टिअरिंग जरा उजवीकडे दाबून धरतो आणि मजेत चालवतो. त्याचं म्हणणं, दोष गाडीत नाही, रस्तेच डावीकडे उतरते बांधलेत. (आपल्या अंगणातही डावीकडेच जातो. अंगण सपाट आहे, मी तिथे कापड पसरून कापते, मला माहीत आहे.) जवळपासच्या मेस्त्रीकडे मित्राला जायचं नाही. कारण तो आजवर सगळ्या मेस्त्रींना सांगत आलाय की माझ्या गाडीला पान्हा लावायची वेळ येत नाही.

तर तुझ्या त्या खड्ड्यात ह्यावर काही उपाय असला तर कळव. मित्र घाईत नाही.

(घाई आहे रे बाळा. काचेच्या कारखान्याचं काम हाच आपला धंदा, तुला माहीत आहे. तिथे वाहतूक बघायला नव्या बाई आल्यात. काचेची गाडी तिरकी चाललेली त्यांना खपत नाही. एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला त्या स्वतः गाडी चालवून बघणार, सरळ चालली तर काम राहील, नाहीतर सुटलं. आणि काम सुटलं तर हे ट्रक भंगारात देणार आणि कुठल्यातरी फाटकावर राखणदार म्हणून बसणार. तसं बोलून दाखवतात आणि मग जेवत नाहीत.)

मामा (आणि मामी)

*

२४ फेब्रुवारी

मामा,

तुझ्या मित्राची केस मी उस्तादांपुढे मांडली. त्यांनी पान्हा खाली ठेवला आणि हसून घेतलं. म्हणाले, "पत्रावर अलाइनमेंट करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." आता दुकानात सगळे मला टपालखातं म्हणतात. पण नंतर चहा पिताना उस्ताद स्वतःच म्हणाले, "ओढतो पुढे, पण दुखणं मागे असू शकतं."

म्हणजे असं बघ. पुढची चाकं आपण वळवतो, मागची वळवत नाही, म्हणून मागच्यांकडे कुणी बघत नाही. पण मागचा अ‍ॅक्सल गाडीला आडवा काटकोनात बसलेला हवा. त्याची एक बाजू पुढे सरकली की तो गाडीला तिरकं ढकलत राहतो आणि चालक पुढे बसून स्टिअरिंगशी कुस्ती खेळतो.

मित्राला हे करायला सांग. ट्रक सपाट जागी रिकामा उभा करायचा, पुढची चाकं सरळ. जाड सुतळी घ्यायची. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मधोमध एक टोक धरायचं, सुतळी ताणून मागच्या चाकाच्या मधोमध न्यायची आणि तिथे गाठ मारायची. मग तीच सुतळी डाव्या बाजूला लावायची. गाठ मागच्या चाकाच्या मध्यावर आली तर मागचा अ‍ॅक्सल ठीक. पुढेमागे पडली तर अ‍ॅक्सल सरकलाय. दुसरं टोक धरायला मित्राच्या बायकोला घ्यायचं, ती अशा कामात मित्रापेक्षा बरी असेल असा माझा अंदाज आहे.

क्रेनवाल्याला थोडं थांब म्हटलंय. हे एकदा निकालात निघू दे.

भिंगरी

*

६ मार्च

भिंगरीस,

माप झालं. गाठ बरोब्बर मध्यावर. दोन्ही बाजू सारख्या. मित्र म्हणाला, मला ठाऊकच होतं.

काम कसं झालं ते सांगतो, म्हणजे तुझ्या उस्तादांना कळेल की इथे अडाणी माणसं राहत नाहीत. मी पुढे बसलो, म्हणजे मित्र पुढे बसला, आणि मित्राची बायको मागे. उजवी बाजू झाली, गाठ मारली. डावीकडे गेलो. ती मागून म्हणाली, "अहो, इथे सुतळी उरतेय." मित्र म्हणाला, "उरेल कशी? तुला धरता येत नाही. तू माझ्या गाडीला वाकडी म्हणतेस?" ती म्हणाली, "मी गाडीला काही म्हणत नाही, सुतळी म्हणतेय." मग मित्र थोडा तापला. शेजारची माणसं गच्चीवर आली. शेवटी मित्र म्हणाला, "नीट ताणून धर आणि परत सांग." तिनं नीट धरलं. म्हणाली, "आली बरोबर मध्यावर." बघितलंस? एवढंच होतं.

तेव्हा मागे काही नाही. आता पुढचं सांग.

मामा

*

१५ मार्च

मामा,

मागे काही नाही म्हणजे पुढेच आहे. हे उस्तादांना दाखवलं नाही, कारण ते म्हणाले असते परत मोज. ते काहीही दाखवलं तरी आधी परत मोज म्हणतात. सकाळी मी विचारलं, किती वाजले, तर म्हणाले, "परत बघ."

आता हे मी माझ्या डोक्यानं सांगतोय. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, टाय रॉड. तो फिरवला की चाकांची तोंडं आत किंवा बाहेर होतात. दोन्ही टोकांच्या पट्ट्या सैल करून दांडा एक पूर्ण फेरा फिरवायचा आणि पट्ट्या कसून आवळायच्या. गाडी सुतासारखी चालेल. मित्राला म्हणावं, पेढे वगैरे नकोत, नुसतं एक पत्र टाक.

मामी, तू ह्या वेळी कंसात काहीच लिहिलं नाहीस. बरी आहेस ना?

भिंगरी

*

३० मार्च

भिंगरी,

मित्र वगैरे जाऊ दे. माझाच ट्रक.

तुझा तो एक फेरा फिरवला. गाडी ओढायची तशीच ओढते, वर पुढचे टायर आता शिट्टी वाजवतात. मी गल्लीत शिरायच्या आधी लोकांना कळतं. टायरवर हात फिरवला तर करवतीवर फिरवल्यासारखा लागतो. नवे टायर होते ते.

कारखान्यात नव्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. मी शिट्टी वाजवत आत गेलो. त्यांनी मागे जाऊन वाकून बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आलो तर भंगारवाला दारात. मी बोलावलं नव्हतं, त्याला वास लागतो. ट्रकच्या पत्र्यावर बोटानं टकटक करून आवाज ऐकत होता, जशी कुणी मडकी घेताना ऐकतं. मी हाकलला त्याला. पण तो जाताना म्हणाला, "येईन मे महिन्यात."

तू तिथे नक्की काय शिकतोयस? क्रेनवर जायचं तर जा. निदान क्रेन जागची हलत नाही.

मामा

*

१ एप्रिल

बाळा,

हे मी एकटीनं लिहितेय. हे ट्रक पुसायला गेलेत. तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं.

डाव्या बाजूला सुतळी खरंच उरत होती. बोटभर. ह्यांनी आरडाओरडा केला, लोक जमले, तेव्हा मी उरलेली सुतळी मुठीत दाबली आणि म्हटलं, आली मध्यावर.

भांडणाला भिऊन केलं असं समजू नको, भांडायला मी कधी मागे हटलेली नाही. हात आपोआप तसा गेला. आम्हा शिवणाऱ्यांची रीतच आहे. माप घेताना दहातल्या आठ माणसांचा एक खांदा खाली असतो, एक हात लांब असतो. ते कधी तोंडावर सांगायचं नाही. "दोन्ही अगदी सारखे," म्हणायचं, आणि शिवताना उतरत्या खांद्याला आतून गादी लावून द्यायची. माणूस आरशात बघून खूश, आपण मोकळे. मी ट्रकलाही तेच केलं. ट्रकला आतून गादी लावता येत नाही हे माझ्या डोक्यात नाही आलं.

ह्यांना सांगायची हिंमत होत नाही. चिडतील म्हणून नाही रे. हल्ली चिडतच नाहीत, तेच नको वाटतं. काल मला विचारत होते की राखणदाराला कपडे तेच देतात की आपले शिवायचे.

काहीतरी कर.

मामी

*

९ एप्रिल

मामा,

उस्तादांना सगळं दाखवलं. टाय रॉडचं वाचून त्यांनी मला अख्ख्या दुकानासमोर उभं केलं आणि सगळ्यांना विचारलं, "ह्याला ओळखता का? माप एकदा घेणारा माणूस हाच." मग स्वतः बसून हे पत्र सांगितलं. मी फक्त लिहितोय.

एक. टाय रॉड जेवढा फिरवलास तेवढा उलटा फिरव.

दोन. सुतळीवर भरवसा नाही. ती सकाळी ओलसर असते, उन्हात आखडते. (मामी, हे सगळं खोटं आहे. तू वाचताना चेहरा सांभाळ.) तेव्हा ह्या वेळी बारीक तार घे. आणि जागा बदला. मामीनं पुढे बसायचं, तू मागे. मागचं टोक मालकानंच बघायचं असतं, असा आमच्याकडे नियम आहे. (असा काही नियम नाही. पण आता उरेल ते त्याच्याच हातात उरेल.)

तीन. तार डावीकडे उरली तर त्या बाजूचा अ‍ॅक्सल पुढे सरकलाय. म्हणून गाडी डावीकडे ओढते. तसं असलं तर नाक्यावरच्या मेस्त्रीकडे जायचं, लाज वाटली तरी. अ‍ॅक्सल कमानपाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांना, धरून असतो, आणि पाट्यांच्या मधून एक बोल्ट खाली अ‍ॅक्सलमध्ये बसतो. तो तुटला तरी बाहेरून काही दिसत नाही, कारण बाजूचे यू-बोल्ट सगळं आवळून धरतात. पण अ‍ॅक्सल हळूहळू घसरतो. ते सोडवून नवा बोल्ट घालायचा, अ‍ॅक्सल जागेवर आणायचा, तार परत लावायची, मग आवळायचं. आणि उस्ताद म्हणतात, परत मोज.

ह्या वेळी मी स्वतःच्या डोक्यानं काहीही घातलेलं नाही.

भिंगरी

*

१८ एप्रिल

भिंगरीस,

तार उरली. बोटभर. मी मागे बसलो होतो, माझ्या डोळ्यांनी बघितली. तुझ्या मामीला म्हटलं, "बघ, सुतळीनं फसवलं आपल्याला." ती म्हणाली, "सुतळीचं काही खरं नसतं." (हसू आवरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना वाटलं धूळ गेली.)

नाक्यावरच्या मेस्त्रीकडे गेलो. त्यानं आधी मला खुर्ची दिली, मग चहा दिला, मग विचारलं, "गाडीला पान्हा लावायची वेळ आली का मग?" ऐकून घेतलं. यू-बोल्ट सोडले तर आतला बोल्ट दोन तुकडे होऊन पडला. मधला भाग गंजून काळा, म्हणजे तुटून जमाना झाला होता. नवा बसवला, जॅक आणि साखळी लावून अ‍ॅक्सल मागे ओढला, मेस्त्रीनं मोजलं. मी म्हटलं, परत मोज. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नको. पण मोजलं. दोन्ही बाजू सारख्या. (ह्या वेळी खरंच.)

गाडी सरळ झाली. मेस्त्रीनं स्वतः चालवून दाखवली, स्टिअरिंगवरचे हात सोडून.

आता खरी अडचण ऐक. मी चालवायला बसलो आणि निघाल्याबरोबर उजवीकडे मेस्त्रीच्या कुंपणात गेलो. घरी येताना उजवीकडे दूधवाल्याच्या हातगाडीला कोपरा लागला. अंगणात शिरताना तुझ्या मामीचं वाळत घातलेलं कापड गाडीवर घेऊन आलो. गाडी सरळ आहे, माझे हात वाकडे झालेत. किती वर्षं उजवीकडे दाबून धरलंय, ते आता मला न विचारता दाबतात. रोज सकाळी सराव करतो, रोज शेजारची माणसं गच्चीवर उभी.

अठ्ठावीस जवळ आली. उस्तादांना विचार, थोडासा वाकडेपणा परत घालता येईल का? फार नको. अर्धं बोट.

मामा

*

२३ एप्रिल

मामा,

विचारलं. उस्ताद खड्ड्याच्या कडेला बसून हसले. म्हणाले, "गाडीचा दोष काढतो, चालकाचा आमच्याकडे पान्हा नाही." परत वाकडी करायची नाही, काचा भरलेली गाडी आहे. सैल धरायला शीक. दोन बोटांत, जणू स्टिअरिंग गरम आहे.

मी स्वतः येऊन त्या दिवशी चालवायला तयार आहे. त्यासाठी सुट्टी मागितली. आजवर मी कुठलंही काम सोडताना कुणाला विचारलेलं नाही, म्हणून कसं मागायचं तेच कळेना. उस्तादांना वाटलं मी पळायच्या बेतात आहे. शेवटी म्हणाले, जा, पण बंदराचे तीन ट्रेलर उभे आहेत ते झाल्यावर. ते अठ्ठावीसच्या आत होत नाहीत. तेव्हा तुझं तूच बघ.

भिंगरी

*

२९ एप्रिल

पास. हात दुखतोय, बाकी नंतर.

मामी

*

६ मे

मामी,

नुसतं पास म्हणजे काय? इथे दुकानात सगळे मला रोज विचारतात. उस्ताद तोंडानं विचारत नाहीत, पण टपालवाला आला की पान्हा खाली ठेवतात. हात कुणाचा दुखतोय, तुझा का? का दुखतोय? क्रेनवाल्याला नाही म्हणून सांगून टाकलं. गोष्ट अर्धी टाकून कुठे जाऊ. आणि उद्यापासून एक ट्रक मी एकट्यानं करणार आहे, वरून कुणी ओरडणार नाही. म्हणजे उस्ताद ओरडणार नाहीत असं म्हणालेत.

सगळं लिही.

भिंगरी

*

२२ मे

भिंगरी,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षरावर जाऊ नको.

अठ्ठाविसाला कारखान्याच्या पटांगणात गेलो. नव्या बाईंनी लांब पांढरी रेघ मारून ठेवली होती. मला वाटलं होतं, त्या शेजारी बसतील. त्या म्हणाल्या, "मी मागून चालत येते, तिरकी गाडी मागूनच दिसते." शेजारी कुणी नको असा नियम नव्हता, म्हणून तुझी मामी चढून बसली. मला म्हणाली, "तुम्ही पुढे बघा, हाताचं मी बघते."

मी गिअर टाकला, गाडी निघाली, हात निघाले उजवीकडे. उजवीकडे वळवायचं तर माझा डावा हात वर जातो. तिनं त्या हाताची बाही पकडली आणि खाली ओढून धरली. हात वर जाईना. मी ओढतोय, ती ओढतेय, कुणी तोंडातून आवाज काढत नाही. गाडी रेघेवर. अर्ध्यात शिवण उसवायला लागली, मला टराटरा ऐकू येत होतं. रेघ संपली, ब्रेक मारला आणि बाही खांद्यापासून निघून तिच्या हातात आली.

बाई मागून चालत पुढे आल्या, दार उघडलं. मी एका बाहीचा, आणि दुसरी बाही तुझ्या मामीच्या मुठीत. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. म्हणाल्या, "हे काय?"

तू तुझ्या मामीला ओळखतोस. आपल्या शिवणीला कुणी नुसतं वाकडं बघितलं तर त्या गिऱ्हाइकाचं कापड परत करणारी बाई. ती खाली मान घालून म्हणाली, "शिलाई कच्ची होती."

बाईंनी काम चालू ठेवलं. म्हणाल्या, "गाडी सरळ आहे. तुमचे हात वळणावर येईपर्यंत शेजारी कुणीतरी बसवा, ह्यांनाच बसवलंत तरी चालेल." भंगारवाला परवा आला होता. त्याला पाणी दिलं आणि पाठवून दिला.

तेव्हापासून मामी रोज माझ्याबरोबर येते. शिवणाचं सामान पिशवीत घेते, कारखान्यात काचा चढवेपर्यंत सीटवर बसून काज-बटणं करते, आणि गाडी निघाली की बाही धरते. बाही आता दुहेरी शिवलीय. वाटेत बोलत असते. इतक्या वर्षांत मी रस्त्यावर एकटा काय काय बघत होतो ते तिला दाखवतो. ती म्हणते, तुम्ही हे सांगितलं नाही कधी. मी म्हणतो, तू विचारलं नाहीस.

मला विचारशील तर माझे हात कधीचेच सरळ झालेत. पंधरा दिवस तरी झाले. अधूनमधून मी मुद्दाम थोडं उजवीकडे जाऊ देतो, म्हणजे ती सोडत नाही.

उत्तर पाठवशील त्यात ह्यातलं काही लिहू नको. पत्र तीच वाचते.

मामा